आडनावबंधू: विरळ आडनाव जुळलं म्हणजे नातं असतंच का?

22 मे 1954 च्या ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात दोन शोधनिबंध लागोपाठ छापून आले. दोन्हींचा प्रश्न एकच होता: स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या आत नेमकं काय होतं? उत्तरही एकच निघालं. स्नायूतले बारीक तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांच्या फटींत सरकत जातात. आज शाळेच्या पुस्तकातही हेच शिकवतात. पहिला निबंध अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा.

दोघेही ब्रिटिश, एकच शोध, एकच अंक आणि आडनाव हक्सली. भाऊ असतील, नाहीतर चुलतभाऊ तरी, असंच कुणालाही वाटेल. दोघांचं काही नातं नव्हतं.

अँड्र्यू हे ‘त्या’ हक्सलींपैकी. डार्विनच्या बाजूने हिरिरीने भांडणारे थॉमस हेन्री हक्सली त्यांचे आजोबा. युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्युलियन आणि लेखक ऑल्डस हे त्यांचे सावत्र भाऊ. स्वतः अँड्र्यूंना 1963 साली मज्जातंतूंवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. ह्यू हक्सली बर्कनहेडमध्ये वाढलेले आणि या गोतावळ्याबाहेरचे. पण त्यांनीही असं काम केलं की स्नायूंच्या अभ्यासात नुसतं ‘हक्सली’ म्हणून भागत नाही, कोणते हक्सली ते सांगावं लागतं.

मला हे उदाहरण आवडतं, कारण ते आपल्या एका पक्क्या सवयीला चकवतं. आडनाव सर्रास आढळणारं असेल तर आपण नात्याची चौकशी करत नाही. ते विरळ असेल तर मात्र ‘तुम्ही त्या अमुकांपैकी का?’ हा प्रश्न हमखास येतो. ही सवय चुकीची आहे असं नाही, बहुतेक वेळा ती बरोबरच ठरते. पण का बरोबर ठरते आणि कुठे फसते, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी आडनावं जन्माला कशी येतात ते पाहू. इंग्रजीतलं ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. गावोगावी लोहार होते, त्यामुळे हे आडनाव एकमेकांची ओळखदेख नसलेल्या शेकडो घरांना वेगवेगळं लागलं. ‘हक्सली’ मात्र इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या एका खेड्याचं नाव आहे. त्या खेड्यातून बाहेर पडलेल्या माणसाला बाहेरच्यांनी ‘हक्सलीचा’ म्हटलं आणि ते चिकटलं. अशी सुरुवात एखाद्याच माणसापासून होऊ शकते, किंवा वेगवेगळ्या पिढ्यांत बाहेर पडलेल्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन-चार माणसांपासूनही. गावावरून पडलेल्या आडनावाची मेख इथेच आहे. आडनाव मूळ गाव सांगतं, मूळपुरुष सांगेलच असं नाही.

मग मूळपुरुष एक की अनेक, हे कळायचं कसं? पूर्वी चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदी चाळण्यावाचून इलाज नव्हता. आता आणखी एक साधन हाताशी आलं आहे. पुरुषाच्या पेशीतलं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. अनेक समाजांत आडनावही त्याच वाटेने जातं. म्हणजे एक गोष्ट कागदावर आणि दुसरी पेशीत, पण दोघींचा प्रवास एकाच रस्त्याने. दोन आडनावबंधूंचं वाय गुणसूत्र जुळलं, तर बापाच्या बाजूचा त्यांचा पूर्वज एक असण्याची शक्यता दांडगी.

ब्रायन साइक्स या ब्रिटिश आनुवंशिकी तज्ज्ञाने हा प्रयोग स्वतःच्याच आडनावावर केला. साइक्स हे यॉर्कशायरच्या बाजूचं आडनाव. एकमेकांना न ओळखणाऱ्या 48 साइक्स पुरुषांचे नमुने त्याने तपासले. निम्म्याला थोडे कमी, म्हणजे 21 जण, वाय गुणसूत्राच्या एकाच ठशाचे निघाले. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2009 मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 ब्रिटिश आडनावांचे सतराशेच्या आसपास पुरुष तपासले. निकाल आपल्या सवयीच्या बाजूचा होता. दोन स्मिथ म्हणजे रस्त्यावरून जाणारे कुठलेही दोघे, त्यांच्यात जास्तीचं नातं काही दिसेना. आडनाव जितकं विरळ, तितकं गुणसूत्र जुळण्याचं प्रमाण वाढत गेलं. ॲटनबरो आडनावाच्या पुरुषांत तर दहापैकी जवळपास नऊ जण एकाच ठशाचे होते.

उरलेला दहावा कुठून आला? दत्तक गेलेला मुलगा, आईचं आडनाव घेतलेला मुलगा, वारसाहक्कासाठी आडनाव बदललेला जावई, आणि ज्यांची नोंद कुणी करत नाही असे संबंध. शंभर-दोनशे वर्षांत एखाद्या घरात असं काहीतरी घडतंच. साइक्स मंडळींतले निम्म्याहून जास्त जण वेगळ्या ठशाचे निघाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेल्या अशा गळतीचाही वाटा असणार.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक. एखादं आडनाव विरळ होतंच का?

फ्रान्सिस गॉल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला 1873 मध्ये हा प्रश्न पडला होता. जुनी, नामवंत घराणी एकामागून एक नामशेष होताना दिसत होती. मोठ्या माणसांचा वंश कमकुवत होत जातो, असा निष्कर्ष लोक त्यावरून काढत. गॉल्टनने विचारलं, हे सगळं निव्वळ योगायोगाने घडत नसेल कशावरून? हा मुद्दा आल्फोन्स द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आधीच काढला होता. गंमत अशी की या कांदोलच्या घरात पुढेमागे मिळून सलग चार पिढ्या वनस्पतिशास्त्रज्ञच झाले. गॉल्टनने गणिताच्या एका नियतकालिकात प्रश्न छापला, हेन्री वॉटसन या धर्मगुरू-गणितज्ञाने उत्तर दिलं, आणि 1874 मध्ये दोघांचा मिळून निबंध आला.

त्यांचं गणित आपण घरच्या घरी करून पाहू शकतो. समजा 100 पुरुष आहेत आणि प्रत्येकाचं आडनाव वेगळं. त्यांतल्या पाव पुरुषांना मुलगा होत नाही, निम्म्यांना एक होतो, उरलेल्या पाव पुरुषांना दोन होतात. सरासरी एका बापामागे एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या ना वाढते ना घटते. पहिल्याच पिढीत 25 आडनावं गेली. दुसऱ्या पिढीअखेर गेलेल्यांचा आकडा 39 होतो, पाचव्या पिढीअखेर 60, दहाव्या पिढीअखेर सुमारे 74. माणसं अजूनही साधारण शंभरच आहेत, पण ती आता पंचवीस-सव्वीस आडनावांत वाटली गेली आहेत. कुणी आजारी पडलं नाही, कुणी कमकुवत झालं नाही, युद्ध नाही की दुष्काळ नाही. नुसत्या नाणेफेकीने तीन चतुर्थांश घराण्यांचा ‘वंशाचा दिवा’ विझला. घराण्यांचा म्हणण्यापेक्षा आडनावांचा म्हणू, कारण मुलींच्या पोटी नातवंडं होतीच. ती या हिशेबात धरलेली नाहीत, एवढंच.

वॉटसनच्या उत्तरात एक चूक होती. पुरेशा पिढ्या गेल्या की प्रत्येक आडनाव नष्ट होणारच, असं त्याने म्हटलं. सरासरी एकाच्या वर नसेल तर ते खरं आहे. (एक विचित्र अपवाद सोडून: प्रत्येकाला न चुकता एकेकच मुलगा झाला, तर काहीच बदलत नाही.) पण सरासरी एकाहून जास्त असेल, तर काही आडनावं कायमची तगतात. समजा पाव पुरुषांना मुलगा नाही, पाव जणांना एक आणि निम्म्यांना दोन. सरासरी सव्वा झाली. इथे नष्ट होण्याची शक्यता बरोबर निम्मी येते. वॉटसनच्या समीकरणाला अशा वेळी दोन उत्तरं असतात, या उदाहरणात एक आणि अर्धा. त्याने ‘एक’ पाहिलं आणि तिथेच थांबला, खरं उत्तर लहान संख्येचं होतं. फ्रान्समधल्या बिएनेमे नावाच्या गणितज्ञाने हेच कोडं 1845 मध्ये बरोबर सोडवलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्यामुळे आडनावं कशी नाहीशी होतात हे सांगणारं गणित दीर्घकाळ फक्त गॉल्टन आणि वॉटसन यांच्याच नावाने ओळखलं गेलं. खुद्द गॉल्टनला मूलबाळ नव्हतं.

या गणिताचा जिवंत प्रयोग पाहायचा तर प्रशांत महासागरात जावं लागेल. ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड करून पळालेले नऊ खलाशी 1790 मध्ये पिटकेर्न या निर्जन बेटावर उतरले. सोबत ताहितीतल्या बायका आणि काही पुरुष होते. खूनखराबा, दारू आणि आजार यांतून 1808 पर्यंत नवांपैकी एकटा जॉन ॲडम्स उरला, पण मुलं होती. 1856 मध्ये बेटावरचे 190 हून थोडे जास्त लोक नॉरफोक बेटावर हलवले, तेव्हा त्या सगळ्यांत मिळून आठच आडनावं होती. पाच बंडखोरांची: ॲडम्स, ख्रिश्चन, मकॉय, क्विंटल, यंग. आणि तीन नंतर आलेल्यांची: बफेट, इव्हान्स, नॉब्ज. विल्यम्स, मार्टिन, ब्राउन आणि मिल्स ही चार बंडखोर आडनावं तोवर संपली होती. नॉरफोक बेटाच्या टेलिफोन डिरेक्टरीत पुढे लोकांची टोपणनावं छापावी लागली, कारण आडनावावरून माणूस सापडेना.

मोठ्या देशांतही हेच चालतं, फक्त सावकाश. चीनमध्ये आडनावांची प्रथा हजारो वर्षं जुनी, म्हणजे गाळणीतून जायला भरपूर पिढ्या मिळाल्या. आज तिथे पहिली 100 आडनावं साधारण 85 टक्के लोकसंख्येला पुरतात. कोरियात पाचातला एक माणूस किम. जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव लावण्याची सक्ती 1875 मध्ये झाली. प्रथा तरुण आहे, गाळणी अजून पुरती फिरलेली नाही, आणि म्हणून तिथे लाखाहून जास्त आडनावं आहेत. आडनावांची विविधता पाहून एखाद्या समाजात ही प्रथा किती जुनी आहे याचा ढोबळ अंदाज येतो.

आणि एक आडनाव तर कायद्यानेच एकट्या माणसापुरतं ठेवलं गेलं. तुर्कस्तानात 1934 मध्ये आडनावाचा कायदा आला आणि सगळ्यांना आडनाव घ्यावं लागलं. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल यांना संसदेने ‘अतातुर्क’ हे आडनाव दिलं आणि ते दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही असंही ठरवलं. सख्ख्या बहिणीला, मकबुलेंना, ‘अतादान’ हे आडनाव मिळालं. मुस्तफा कमाल यांना स्वतःचं अपत्य नव्हतं, दत्तक मुलं होती. 1938 मध्ये ते गेले आणि चार वर्षांचं हे आडनाव त्यांच्याबरोबर संपलं. इथे ‘तुम्ही त्या अतातुर्कांपैकी का?’ हा प्रश्नच संभवत नाही.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. आडनाव विरळ, माणसं अनेक, सगळी नामवंत आणि सगळी खरोखर एकाच घरातली. बर्नुली.

बर्नुली मंडळी मूळची आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पची, प्रोटेस्टंट. स्पॅनिश राजवटीच्या छळाला कंटाळून ती बाहेर पडली आणि 17 व्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात स्थिरावली. धंदा मसाल्यांचा. या घरात याकोब (1655–1705) आणि योहान (1667–1748) हे दोन भाऊ निघाले आणि पुढची शंभर वर्षं युरोपातल्या गणिताला या घरापासून सुटका नव्हती. बाझेल विद्यापीठातलं गणिताचं प्राध्यापकपद 1687 मध्ये याकोबकडे आलं. तो वारल्यावर ते योहानकडे गेलं आणि योहाननंतर त्याचा मुलगा दुसरा योहान याच्याकडे. तो 1790 पर्यंत त्या खुर्चीवर होता. 103 वर्षं, एक खुर्ची, एक आडनाव.

विद्यार्थ्यांची खरी पंचाईत निराळीच आहे. या घरात नावंही मोजकीच फिरवली जात. दोन याकोब, तीन योहान, दोन निकोलाउस आणि एक डॅनियल, एवढे गणित-विज्ञानातले ठळक. त्यांना राजांसारखे क्रमांक लावतात. ‘बर्नुली संख्या’ आणि संभाव्यतेतली ‘बर्नुली चाचणी’ पहिल्या याकोबच्या. विमानाचे पंख आणि पाण्याचे पाइप यांच्या संदर्भात येतं ते ‘बर्नुली तत्त्व’ डॅनियलचं, म्हणजे याकोबच्या पुतण्याचं. नाणं उडवत राहण्याच्या जुगाराचं एक प्रसिद्ध कोडं आहे. ते पहिल्या निकोलाउसने 1713 मध्ये मांडलं आणि त्याच्या चुलतभावाने, म्हणजे पुन्हा डॅनियलनेच, 1738 मध्ये त्याची उकल छापली. उकल रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रसिद्ध झाली, म्हणून कोड्याला त्या शहराचं नाव पडलं. बरं झालं, नाहीतर आणखी एक ‘बर्नुली’ लक्षात ठेवावा लागला असता.

घराणं एक होतं म्हणून घरात गोडी होती असं मात्र नाही. योहानला गणित याकोबने शिकवलं आणि पुढे दोघे भाऊ एकमेकांना जाहीरपणे कोडी घालून हिणवू लागले. 1734 मध्ये पॅरिसच्या अकादमीचं पारितोषिक योहान आणि त्याचा मुलगा डॅनियल यांना विभागून मिळालं. मुलाला आपल्या बरोबरीला बसवलं हे बापाला सोसेना, त्याने डॅनियलला घराबाहेर काढलं. डॅनियलचा द्रवगतिशास्त्रावरचा ग्रंथ 1738 मध्ये आला. योहानने त्याच विषयावरचं आपलं काम जुनी, 1732 ची तारीख टाकून पुढे केलं, जणू आपणच पहिले. याच योहानने तरुणपणी एका श्रीमंत फ्रेंच सरदाराला वर्षाला 300 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेऊन आपले शोध पुरवले होते. कॅल्क्युलसमधला जो ‘लोपिताल नियम’ सगळे शिकतात, तो सरदाराच्या नावाने ओळखला जातो पण मूळ योहानचा आहे. स्वतःचा शोध विकणारा माणूस मुलाच्या शोधावर हक्क सांगत होता. पैशाच्या व्यवहाराइतकं नात्यातलं देणंघेणं सोपं नसतं, दुसरं काय.

एकाच घरात इतके गणितज्ञ कसे? ‘रक्तातच होतं’ हे उत्तर तोंडावर येतं. रक्ताचा वाटा अगदीच नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याआधी घरातली कपाटं उघडून बघावीत.

फ्रान्समधल्या बेकरेल घराण्याचं कपाट तर अक्षरशः उघडून दाखवता येतं. पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद 1838 मध्ये निर्माण झालं आणि त्यावर आंत्वान सेझार बेकरेल बसले. मग मुलगा एडमाँ, नातू हेन्री, पणतू जाँ. 1948 पर्यंत ते पद या घराबाहेर गेलं नाही. एडमाँ अंधारात चमकणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करायचे, त्यात युरेनियमचे क्षार होते. 1896 मध्ये, क्ष-किरणांचा शोध ताजा असताना, असे चमकणारे पदार्थही तसलेच किरण सोडतात का, हे हेन्रीला तपासायचं होतं. युरेनियमचे क्षार कुठून आणायचे हा प्रश्न त्याला पडलाच नाही. आधी वाटलं ऊन लागतं, मग ढगाळ हवेत ड्रॉवरमध्ये ठेवलेली फोटोची काचही काळवंडलेली निघाली, आणि किरणोत्सर्ग सापडला. 1903 च्या नोबेलचा अर्धा वाटा हेन्रीला मिळाला. प्रयोगशाळा वारशाने आलेली, विषय वारशाने आलेला, रसायनंसुद्धा घरचीच. दुसऱ्या एखाद्या तितक्याच हुशार माणसाला इथवर पोचायलाच दहा वर्षं लागली असती.

अर्थात वारशाने चुकाही येतात. पॅरिसच्या वेधशाळेत चार पिढ्या काढलेल्या कॅसिनींपैकी दुसरा, झाक, पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे असं मोजमापं दाखवून सांगत राहिला. न्यूटनच्या मते ती ध्रुवांकडे चपटी होती. न्यूटन बरोबर होता, आणि घराण्याचं मत सोडून द्यायला तिसऱ्या कॅसिनीला, झाकच्या मुलाला, नव्याने केलेली मोजणी पाहावी लागली. पाचवा कॅसिनी आकाश सोडून सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींकडे वळला. 1832 च्या कॉलराच्या साथीत तो गेला, आणि ऐंशी ओलांडलेला त्याचा बाप त्याच्यामागे आणखी तेरा वर्षं जगला. खगोलातल्या कॅसिनींची ही शाखा तिथेच संपली.

आतापर्यंत सगळे पुरुषच आले, कारण आडनावाची ही वाटच तशी आहे. स्त्रियांच्या बाबतीत आडनाव जुळणं किंवा न जुळणं, दोन्ही फसवं. मज्जातंतूंवरचं अँड्र्यू हक्सलींचं काम ज्यांच्याबरोबर होतं ते ॲलन हॉजकिन. एका रक्तविकाराला ज्यांचं नाव आहे ते 19 व्या शतकातले डॉक्टर थॉमस हॉजकिन याच घराण्यातले, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. ॲलन यांना 1963 मध्ये नोबेल मिळालं आणि लगेच पुढच्या वर्षी डोरोथी हॉजकिन यांना. पेनिसिलिन आणि बी-12 जीवनसत्त्व यांची रचना त्यांनी क्ष-किरणांनी शोधून काढली होती. पण डोरोथी जन्माने क्रोफूट. त्यांचे पती थॉमस हॉजकिन ॲलन यांचे लांबचे चुलतभाऊ. ‘एका घराण्यातले दोन नोबेल’ हे वाक्य खरं आहे, पण त्यावरून हुशारी वारशाने आली असं सिद्ध करायला कुणी निघालं तर ते तोंडावर पडेल. मेरी क्युरींचंही तसंच, त्या मूळच्या स्क्लोदोव्स्का. त्यांची मुलगी इरेन आणि जावई फ्रेदेरिक झोलियो यांनी दोन्ही आडनावं जोडून घेतली, आणि क्युरी हे नाव मुलीच्या बाजूने पुढे चाललं.

उलट दिशेची चूकही होते. सी. व्ही. रामन यांना 1930 मध्ये नोबेल मिळालं, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना 1983 मध्ये. चंद्रशेखर हे रामन यांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव, म्हणजे सख्खे पुतणे. दोघांचं वाय गुणसूत्र एकच असणार, पण नावांत सारखं काहीच नाही, कारण तमिळ पद्धतीत आडनाव चालत येत नाही, वडिलांचं नाव लागतं. परदेशी यादीतून डोळा फिरवणाऱ्याला ही दोन अनोळखी माणसं वाटतील.

आडनाव किती बारीक धागा आहे याचा एक हिशेब करून पाहा. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला 1024 पूर्वजांच्या जागा असतात. त्यांतली फक्त एक जागा आडनाव देते. बाकी 1023 जणांनी आपल्याला सरासरी तितकंच काही दिलेलं असतं, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, एवढाच फरक.

तरी हा बारीक धागा कामाचा आहे हे चार्ल्स डार्विनच्या मुलाने, जॉर्जने, 1875 मध्ये दाखवून दिलं. सख्ख्या चुलत-मावस-आते-मामे भावंडांची लग्नं इंग्लंडमध्ये किती होतात, हे त्याला काढायचं होतं. सरकारी मोजणी नव्हती. त्याने युक्ती केली. वधू आणि वर यांचं आडनाव लग्नाआधीच एक आहे अशी लग्नं मोजली. त्यांतून योगायोगाने सर्वसामान्य आडनावं जुळण्याचं प्रमाण वजा केलं. उरली ती बहुधा चुलत भावंडांची. मामे-आते-मावस नात्यांत आडनावं सहसा वेगळी असतात, त्यांच्यासाठी त्याने आकडा पटीत वाढवून घेतला. ही रीत आनुवंशिकीत आजही वापरात आहे. आणि त्याचे स्वतःचे आईवडील? चार्ल्स डार्विन आणि एमा वेजवुड, सख्खी मामे-आते भावंडं. आडनावं वेगळी असल्यामुळे तो घरातलंच लग्न थेट मोजणीत धरू शकला नसता.

शेवटी हर्शेल. विल्यम हर्शेलने 1781 मध्ये युरेनस शोधला, बहीण कॅरोलिनने धूमकेतू शोधले, मुलगा जॉन दक्षिण गोलार्धातलं आकाश मोजून आला. नातू विल्यम जेम्स मात्र कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये होता. 1858 साली जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार झाला. सही आपली नाहीच, असं हा माणूस उद्या म्हणू नये म्हणून हर्शेलने त्याच्या तळव्याला शाई फासून करारनाम्याच्या मागे ठसा उमटवून घेतला. पुढची कित्येक वर्षं तो लोकांच्या बोटांचे ठसे घेत राहिला, आणि अनेक वर्षांच्या अंतराने घेतलेले एकाच माणसाचे ठसे त्याने ज्याच्या हवाली केले तो फ्रान्सिस गॉल्टन होता. गॉल्टनचं बोटांच्या ठशांवरचं पुस्तक 1892 मध्ये निघालं.